वाचायला छान, खेळायला अवघड

१९८० च्या आसपास सँडी पीटरसन या तरुणाने केऑसियम या अमेरिकन खेळ-प्रकाशकाला एक पुरवणी लिहून देण्याची तयारी दाखवली. केऑसियमचा 'रूनक्वेस्ट' हा तलवारींचा आणि मंत्रतंत्राचा खेळ १९७८ साली आला होता आणि चांगला चालत होता. पीटरसन एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांचा भक्त. लव्हक्राफ्टने रंगवलेल्या स्वप्नभूमीत 'रूनक्वेस्ट'चे वीर उतरवावेत, एवढीच त्याची कल्पना होती. पण लव्हक्राफ्टवर अख्खा स्वतंत्र खेळ काढायचं केऑसियमच्या आधीच मनात होतं, आणि ते काम अखेर पीटरसनकडेच आलं. १९८१ मध्ये 'कॉल ऑफ कथुलू' बाजारात आला तेव्हा त्यात वीरबीर कुणी नव्हते. होते १९२० च्या दशकातले प्राध्यापक, बातमीदार, ग्रंथपाल, डॉक्टर. चाळीस वर्षं उलटली तरी तो खेळ छापला जातोय, त्याला नव्यानव्या पुरवण्या निघतायत, आणि जपानमध्ये तर या जातीच्या खेळांत तोच सगळ्यांत लोकप्रिय आहे.

स्वप्नभूमीची पुरवणी 'रूनक्वेस्ट'ला जोडून निघाली असती तर ती आज कुणाच्या लक्षातही राहिली नसती, असं मला वाटतं. लेखक तोच, मूळ कथाकार तोच, आकडेमोडीचा सांगाडाही बराचसा तोच. फरक पडला तो कथाप्रकाराच्या निवडीने.

या खेळांशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो: तो जग रंगवतो, शत्रू आणि वाटसरू यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार ढकलतो', 'मी त्याला थाप मारते' असं सांगत जातात. जमलं की नाही ते फासे ठरवतात. पट लागतोच असं नाही, आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. नियमांचं एक मूळ पुस्तक असतं. त्यानंतर येतात त्या पुरवण्या: नवी जगं, नवी साहसं, नवे राक्षस, नव्या विद्या. प्रकाशकाचं घर बऱ्याच अंशी या पुरवण्यांवर चालतं. त्यामुळे पुढची पुरवणी कोणत्या कथाप्रकारात काढायची, हा त्याच्यापुढचा नेहमीचा प्रश्न.

सोपं उत्तर असं, की लोक जे आवडीने वाचतात, बघतात, ते काढावं. या उत्तराने बऱ्याच जणांना बुडवलं आहे. कथा वाचणारा माणूस एकटा असतो आणि नायकाच्या खांद्यावर बसून जातो. टेबलावर मात्र चार नायक असतात, चौघांनाही बोलायचं असतं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा भेटायचं असतं. म्हणून प्रकाराची पारख करताना विचारायचं ते असं: ही चार माणसं एकत्र का आहेत? आज रात्री ती नेमकं काय करणार? फासा उलटा पडला तर गोष्ट थांबते की वळते? आणि आजचं काम झाल्यावर उद्या काय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला, तेव्हा या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांना एका भुयारात सापडली. भुयारात एकट्याने उतरणं म्हणजे मरण, म्हणून लढवय्या, चेटक्या, पुरोहित असे निरनिराळ्या कामाचे लोक सोबत हवेत. जाता येतं ते फक्त पुढच्या दारापर्यंत, त्यामुळे गेम मास्टरला अख्खं जग तयार ठेवावं लागत नाही. फासा उलटा पडला तर सापळा उडतो, म्हणजे गोष्ट आणखी रंगते. आणि खाली अजून एक मजला असतोच. टॉल्किन, रॉबर्ट हॉवर्ड यांच्या वाचकांनी हा खेळ उचलून धरला हे खरं, पण भुयारात उतरून मजल्यामागून मजला साफ करणं हा काही त्या लेखकांचा मुख्य विषय नव्हता. वाङ्मयातून नावं आणि रंग घेतले, आकार मात्र खेळाने स्वतःचा घडवला.

पुरवण्या लगेच सुरू झाल्या. 'ग्रेहॉक' आणि 'ब्लॅकमूर' १९७५ मध्ये आल्या, आणि १९७६ मध्ये चौथी पुरवणी आली देवादिकांची. त्यात ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स देवांबरोबर आपलेही देव होते, आणि प्रत्येकापुढे किती घाव सोसून तो मरेल याचा आकडा छापलेला. संपादकाची प्रस्तावनेतली भूमिका गमतीची होती: देवांचे आकडे बघून तरी, अफाट शक्तीची पात्रं घेऊन मिरवणाऱ्यांना आपला अतिरेक कळावा. लोकांनी अर्थात ती यादी शिकारीची यादी म्हणून वाचली. १९८० च्या 'डिटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्र, अग्नी वगैरे मंडळी पुन्हा आली, चित्रांसकट. श्रद्धा दुखावण्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी ही पुस्तकं खेळ म्हणून लंगडी आहेत. देवांची यादी म्हणजे कथाप्रकार नव्हे. इंद्र टेबलावर आला तर चार माणसांनी काय करायचं, हे त्यात कुठेच नाही.

त्याच काळात टीएसआर या 'डंजन्स'वाल्या कंपनीने वेस्टर्नचाही प्रयोग केला. १९७५ चा 'बूट हिल' पिस्तुलांच्या द्वंद्वाचा चांगला खेळ होता, पण द्वंद्व म्हणजे दोन माणसं आणि एक गोळी. नाव कब्रस्तानाचं, आणि पात्रंही तिकडे झटपट जायची. शेरीफ, जुगारी, दरोडेखोर आणि पाद्री महिनोन्महिने एकत्र का हिंडतील, याचं सहज उत्तर वेस्टर्नकडे नाही. ते उत्तर १९९६ मध्ये 'डेडलँड्स'ने बाहेरून आणलं: पिस्तुलांच्या मुलखात भुतंखेतं सोडली. समोर मेलेली माणसं चालत आली, की शेरीफला जुगाऱ्याची सोबत लागतेच. दोन प्रकारांचं मिश्रण केवळ नावीन्यासाठी केलं तर ते फसतं. एकाची उणीव दुसरा भरून काढत असेल तेव्हाच ते उभं राहतं.

हेरकथेची अडचण वेगळी. जेम्स बाँड एकच असतो. १९८३ चा 'जेम्स बाँड ००७' हा नियमांच्या दृष्टीने त्या काळातला अतिशय हुशार खेळ, पण चार बाँड एका मोटारीत बसले की मूळ गंमत पातळ होते. अंतराळयानाच्या कथेत चौघांना जागा असते, पण कप्तान एक आणि बाकीचे हुकुमाचे ताबेदार. 'स्टार ट्रेक'वरचा पहिला मोठा खेळ १९८२ मध्ये आला तेव्हापासून गेम मास्टर मंडळी या कप्तानाशी झगडत आली. २०१७ च्या 'स्टार ट्रेक ॲडव्हेंचर्स'ने त्यावर साधी युक्ती केली: ज्याचं मुख्य पात्र या मोहिमेवर नाही, त्याने तेवढ्यापुरता यानातला दुसरा एखादा कर्मचारी खेळायचा. म्हणजे कथाप्रकार कधीकधी नुसता निवडून भागत नाही, त्याला टेबलावर बसवायला एखादा नियम घडवावा लागतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण रहस्यकथेचं. वाचकांची इतकी लाडकी जात दुसरी नसेल. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर आपल्याकडे पिढ्या वाढल्या. पण खेळात तिने अनेक संध्याकाळी वाया घालवल्या. ड्रॉवरमध्ये चिठ्ठी आहे, शोधण्यासाठी फासा टाका. फासा पडला नाही. चिठ्ठी सापडली नाही. मग? गोष्ट तिथेच बसली. गेम मास्टर घाम पुसत दुसरी चिठ्ठी कुठेतरी पेरतो, आणि खेळाडूंना ते कळतं. २००७ मध्ये रॉबिन लॉज यांनी 'गमशू' या नियमावलीत या दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की रहस्यकथेतली मजा दुवे मिळण्यात नाही, मिळालेल्या दुव्यांचा अर्थ लावण्यात आहे. म्हणून योग्य विद्या असलेलं पात्र योग्य जागी पोचलं की मुख्य दुवा मिळालाच पाहिजे, फासा नको. फासा पाठलागासाठी, मारामारीसाठी. कुणालाही सुचावं असं हे वाटतं, पण सुचायला तीसेक वर्षं गेली. पुढच्याच वर्षी केनेथ हाइट यांनी याच नियमांवर लव्हक्राफ्टची दुनिया बसवली, 'ट्रेल ऑफ कथुलू' नावाने.

आता पीटरसनकडे परत येऊ. लव्हक्राफ्टच्या कथांत मारामारी नाही, खजिना नाही, बहुतेक वेळा संवादही धड नाहीत. एक घाबरट विद्वान काहीतरी वाचतो आणि वेडा होतो. खेळासाठी यापेक्षा कोरडी सामग्री कुठली? पीटरसनने या वेडालाच आकडा दिला. प्रत्येक पात्राला मनाच्या तोलाचे गुण असतात. भयानक काही दिसलं की शंभराचा फासा टाकायचा, आणि गुण घटत जातात. शिवाय एक क्रूर तरतूद आहे: त्या प्राचीन शक्तींविषयीचं तुमचं ज्ञान जसं वाढेल, तसा तुमच्या मनाचा तोल जास्तीत जास्त किती असू शकतो, ती मर्यादाच खाली येते. जग वाचवायचं तर ते जुने ग्रंथ वाचायलाच हवेत, आणि वाचले की तुम्ही संपत जाता. 'डंजन्स'मध्ये पात्र दिवसेंदिवस बलवान होतं, इथे दिवसेंदिवस झिजतं. अशा जागी कुणी एकटं जाणार नाही, म्हणून चौघं एकत्र. कुणी वेडा झाला किंवा मेला, तर त्याचा पुतण्या काकांची कागदपत्रं घेऊन हजर होतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं कथाप्रकाराच्या पोटातूनच निघाली.

नारायण धारपांच्या भयकथांचे वाचक या मुलखात लगेच रुळतील. पण समजा, धारपांच्या जगावर कुणी पुरवणी काढायची ठरवली, तर पहिला मोह त्यांच्या कथांतल्या समर्थांना खेळण्याजोगं पात्र करण्याचा होईल. तो टाळावा. समर्थ आले की संकट सुटणार हे वाचकाला माहीत असतं, त्यातच त्या कथांचा दिलासा आहे. टेबलावर मात्र एक जण समर्थ आणि तिघं प्रेक्षक, अशी गत होईल. खेळायची माणसं ती, जी समर्थ येण्याआधी त्या वाड्यात अडकलेली असतात.

इथवर टेबलाविषयी बोललो. पण पुरवणी विकत घेणारं टेबल नसतं, माणूस असतो. साहसांचं पुस्तक पाच जणांच्या गटात एकच जण घेतो, गेम मास्टर. कारण बाकीच्यांनी ते वाचलं तर गोष्टच फुटते. 'कॉल ऑफ कथुलू'च्या पुरवण्या अशाच. १९८४ ची 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' ही न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असा प्रवास घडवणारी मोहीम आजही नावाजली जाते, पण ती गटागणिक एकच प्रत खपण्याच्या जातीची. याउलट १९९१ चा 'व्हँपायर: द मास्करेड'. त्यात पिशाच्चांची कुळं आहेत, कुळाकुळांत राजकारण आहे, आणि प्रकाशकाने एकेका कुळाचं वेगळं पुस्तक काढलं. आता गटातल्या प्रत्येकाला आपल्या कुळाचं पुस्तक हवं. ज्या कथाप्रकारात घराणी, पंथ, फळ्या मुळातच असतात, तो खेळाडूंच्याही खिशाला हात घालतो. ही धंद्याची बाजू झाली, पण तिच्याकडे काणाडोळा करणारे प्रकाशक फार काळ राहत नाहीत.

तिसरं गिऱ्हाईक याहून चमत्कारिक: खेळतच नाही, नुसतं वाचतं. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ऑस्टिनमधल्या कंपनीने १९८६ मध्ये 'गर्प्स' काढला. नियमावली एकच, तीवर कुठलाही प्रकार बसवा. मग जपान, अंतराळ, भय, वेस्टर्न अशा विषयांवर पुरवण्यांची रांग लागली. यातल्या बऱ्याच इतक्या मेहनतीने लिहिलेल्या होत्या की दुसरेच खेळ खेळणारे लोकही त्या संदर्भासाठी घेत. या मेहनतीचा एक विचित्र परिणामही झाला. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने या कंपनीवर छापा घातला आणि 'गर्प्स सायबरपंक'चं हस्तलिखित संगणकांसकट उचलून नेलं. पुस्तकाचा लेखक हॅकर मंडळींतला होता, आणि हे तर संगणक-गुन्ह्यांचं हस्तपुस्तक आहे असं एका अधिकाऱ्याने म्हटल्याचं जॅक्सन यांनी सांगितलं. १९९३ मध्ये न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली. पुस्तक तोवर निघालं होतंच, मुखपृष्ठावर छाप्याचा उल्लेख मिरवत.

वाचकाच्या दृष्टीने लिहिलेल्या पुरवणीची ताकद 'स्टार वॉर्स'ने तर आणखी स्पष्ट केली. वेस्ट एंड गेम्सने १९८७ पासून त्या चित्रपटांवर रोलप्लेइंग पुस्तकं काढली. पडद्यावर दोन सेकंद दिसलेल्या प्राण्यांना जात, गाव, इतिहास देणं खेळासाठी भागच होतं. पुढे टिमथी झान यांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या तेव्हा लुकासफिल्मने त्यांना संदर्भासाठी हीच पुस्तकं पाठवली, आणि १९९१ च्या 'एअर टू द एम्पायर'मध्ये त्यांतला तपशील उतरला.

पण प्रकार वाढवण्याला मर्यादा असते, आणि ती टीएसआरला महागात पडली. 'डंजन्स'साठी त्यांनी १९८९ मध्ये अंतराळातली जहाजं आणली, १९९० मध्ये गॉथिक भयाचं 'रेव्हनलॉफ्ट', १९९१ मध्ये 'डार्क सन'चं जळून गेलेलं वाळवंट, १९९२ मध्ये अरबी सुरस कथांचं 'अल-कादिम', १९९४ मध्ये परलोकांचं 'प्लेनस्केप'. कल्पनाशक्तीच्या दृष्टीने हे वैभवाचं दशक. माझ्या मते 'डार्क सन'इतकं धाडसी जग त्या कंपनीने पुन्हा केलं नाही. पण वाळवंटात रमलेला गट अरबी पुरवणी घेत नाही. प्रत्येक जगाला चित्रकार, नकाशे, छपाई, गोदाम यांचा खर्च पूर्ण, आणि गिऱ्हाईक मात्र तेच, वाटून गेलेलं. कंपनी एवढ्याने बुडाली नाही. दुकानांकडून परत आलेल्या कादंबऱ्या आणि अंगाशी आलेला फाशांचा एक खेळ यांनीही तिला खाली ओढलं. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली.

याच विझार्ड्सने २०२२ मध्ये 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' हा साहसांचा संग्रह काढला, निरनिराळ्या संस्कृतींतल्या लेखकांकडून लिहून घेतलेला. त्यात मिमी मंडल यांचं बंगालच्या नदीकाठाची छाया असलेलं एक साहस आहे. १९७६ च्या देवांच्या यादीशी ते ताडून पाहावं. इथे देवांचे आकडे नाहीत. नदीकाठी स्पर्धा आहे, स्पर्धक नाहीसे होतात, आणि त्यांना शोधायला कुणीतरी निघायला हवं. संस्कृती तपशिलात आहे, खेळ प्रसंगात.

मराठीत अशी पुरवणी निघायची झाली तर बहुतेकांच्या मनात शिवकाल येईल, आणि तो आकाराने बसतोही. कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये मोजक्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. रात्र, कडा, चोरवाट, आत फितवलेला एखादा माणूस, बालेकिल्ला: भुयारातले सगळे प्रश्न इथे आपोआप सुटतात. अडचण आहे ती महाराजांची. त्यांच्यावर फासे टाकणं कुणाला रुचणार नाही, आणि ते समोर असताना चौघांना स्वतःचं असं ठरवायला काही उरत नाही. कप्तानाचाच पेच, शतपटीने मोठा.

यावर ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा 'किंग आर्थर पेंड्रॅगन' अभ्यासावा. त्यात आर्थर कुणालाच खेळता येत नाही. खेळाडू त्याच्या राज्यातले सरदार. साधारणपणे वर्षाला एक साहस. हिवाळ्यात जमिनीचं उत्पन्न, लग्न, मुलं, म्हातारपण यांचे फासे. सरदार मेला की त्याचा वारस पुढे खेळतो. धन्यावरची निष्ठा, घराण्याचं प्रेम, द्वेष यांनाही आकडे असतात, आणि ते एकमेकांवर आपटले की खेळ पेटतो. मावळातल्या देशमुखांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. धनी की वतन, हा फासा त्या वर्षी बारा मावळांत घरोघरी पडत होता.

तरी माझी पसंती शिवकालापेक्षा त्यानंतरच्या काळाला आहे: १६८९ ते १७०७. संभाजीराजे मारले गेलेत, राजाराम महाराज दूर जिंजीत वेढ्यात, औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये. हुकूम वेळेवर पोचत नाहीत, पोचला तर खरा की बनावट ते कळत नाही. किल्ले लढून जातात, पैसे देऊन जातात, पावसाळ्यात परत येतात. दोन्हीकडून वतनांची आमिषं चालू आहेत. संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आहे, आणि आपल्या तुकडीने कुणाच्या मागे जायचं हे तुकडीनेच ठरवायचंय. पुरवणी लिहिणाऱ्याने शस्त्रांच्या तक्त्यांवर पानं घालवू नयेत. पाच-सहा किल्ल्यांचे नकाशे द्यावेत, चोरवाटांसकट. दहाबारा घराणी द्यावीत, त्यांच्या भाऊबंदकीसह. आणि ऋतूंचा एक तक्ता द्यावा, ज्यात पाऊस लागला की मोगलांची तोफ चिखलात रुतते आणि चौघांपैकी एकाला शेतावरून निरोप येतो.